खाँसाहेबांचा गळा, खाँसाहेबांचा चेहरा

संगीत नाटकावरून चित्रपट निघाला की रसिकांमध्ये वाद पेटतो आणि थोड्याच दिवसांत तो एका ठरावीक वाक्याने विझवला जातो : माध्यमे वेगळी आहेत, तुलना करू नये. २०१५ च्या दिवाळीत 'कट्यार काळजात घुसली' पडद्यावर आला तेव्हाही हेच झाले. जुने श्रोते म्हणाले, वसंतराव देशपांड्यांची सर नाही. नवे श्रोते म्हणाले, हा चित्रपट नसता तर आम्हाला नाट्यसंगीत ऐकावेसेच वाटले नसते. या दोन्ही गटांपेक्षा मोठा असा तिसरा गट होता. त्यातली माणसे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहून आली, गाण्यांवर लुब्ध झाली आणि तरीही काहीतरी निसटल्याची खंत घेऊन घरी गेली. समंजस मंडळींनी त्यांची समजूत माध्यमांच्या वेगळेपणावर घातली.

ही समजूत मला उथळ वाटते. ती वाद मिटवते, पण खंत कशाची होती हे शोधतच नाही. माझे म्हणणे असे आहे की 'कट्यार'च्या चाहत्यांची ही दुहेरी भावना म्हणजे गोंधळ नव्हे, गतकाळाचा हळवेपणाही नव्हे. नाटकातून चित्रपटात जाताना एक विशिष्ट गोष्ट बदलली आणि तिच्यामुळे कथेतल्या न्याय-अन्यायाचे पारडे हलले, हे त्यांना अचूक जाणवले होते. ती गोष्ट बोट ठेवून दाखवता येते. खाँसाहेबांचा गळा आणि खाँसाहेबांचा चेहरा रंगभूमीवर एकाच माणसाचे होते. पडद्यावर ते दोन माणसांचे झाले.

१. वाद आधी नीट मांडू

पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेले आणि दिग्दर्शित केलेले हे नाटक प्रभाकर पणशीकरांच्या 'नाट्यसंपदा'ने १९६७ साली रंगभूमीवर आणले. संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचे. खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेत पं. वसंतराव देशपांडे, झरीनाच्या भूमिकेत फैयाज. त्याच वर्षी जुलैमध्ये बालगंधर्वांचे निधन झाले होते आणि संगीत नाटक आता इतिहासजमा झाले असे म्हणणारे पुष्कळ होते. अशा वेळी गाण्यावरच उभे असलेले, गाणे हाच कथाविषय असलेले नाटक येते आणि लोक ते डोक्यावर घेतात, ही घटना लहान नव्हती.

विश्रामपूर संस्थानाचे राजगायकपद, त्या पदाबरोबर मिळणारी आणि एक खून माफ करणारी कट्यार, पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब या दोन घराण्यांमधली ईर्ष्या, आणि दुसऱ्या घराण्याच्या उस्तादाकडून विद्या मिळवू पाहणारा सदाशिव. कथा सर्वांना माहीत आहे. पण तिची जात इतर संगीत नाटकांपेक्षा निराळी आहे, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. 'शाकुंतल' किंवा 'मानापमान' या नाटकांत पात्रे गातात, कारण संगीत नाटकाची ती रीतच आहे. प्रेम, विरह, मानभंग हे विषय गाण्याच्या बाहेर असतात आणि गाणे ते व्यक्त करते. 'कट्यार'मध्ये पात्रे गातात कारण ती गवई आहेत. त्यांचे भांडण गाण्यावरून आहे, हार-जीत गाण्यात आहे, एकमेकांपासून लपवायची आणि एकमेकांकडून चोरायची वस्तूही गाणेच आहे. 'घेई छंद मकरंद' हे एकच पद नाटकात दोन घराण्यांच्या दोन निराळ्या ढंगांत येते. शब्द तेच राहतात, चाल आणि मांडणी बदलते, आणि दोन गायकींतला फरक प्रेक्षकाला कोणीही समजावून न सांगता कळतो. गायकीतला भेद हाच इथे नाट्यातला भेद आहे.

म्हणून या नाटकाचे माध्यमांतर करताना गाणे कोण गातो आणि आपण ते कसे ऐकतो, या बाबींना तांत्रिक तपशील म्हणता येत नाही. कथेचा कणाच त्यांत आहे.

२. रंगभूमीवर गाणे घडते

रंगभूमीवरच्या पदाचे एक वैशिष्ट्य आपण इतके गृहीत धरतो की त्याचा विचारच करत नाही. ते पद त्या रात्री नीट होईलच याची हमी नसते. गायकाचा आवाज बसलेला असू शकतो, तान समेवर येता येता हुकू शकते, ऑर्गन आणि तबल्याशी मेळ बिघडू शकतो. उलट एखाद्या रात्री असे काही घडते की नटालाही ते पुन्हा साधणार नाही. वन्समोअरची प्रथा याच अनिश्चिततेतून आली. प्रेक्षक पुन्हा गायला सांगतो तेव्हा त्याला मघाशी ऐकले तेच तसेच्या तसे नको असते. या वेळी गवई कुठे जातो, हे त्याला ऐकायचे असते.

आता हे 'कट्यार'च्या कथेशी ताडून पाहा. कथेत दरबार आहे, दरबारात गाणे आहे आणि ऐकणाऱ्यांनी निवाडा करायचा आहे. नाट्यगृहात हा दरबार आयताच असतो. तिकीट काढून आलेला प्रेक्षक विश्रामपूरचा दरबारी होतो, कारण त्याच्यासमोर खरोखरच गाणे चाललेले असते आणि तो खरोखरच मनाशी तोलत असतो. खाँसाहेब श्रेष्ठ गवई आहेत हे नाटककाराने संवादांतून सांगून भागत नाही. ते त्या रात्री, त्या मंचावर सिद्ध व्हावे लागते. वसंतराव देशपांड्यांनी दर प्रयोगाला हा पुरावा दिला. मुळात त्यांची गायकी पुढे काय येणार याचा थांग लागू न देणारी. मास्टर दीनानाथांचा संस्कार, लाहोरला असदअली खाँसाहेबांकडे घेतलेली तालीम, सुरेशबाबू माने आणि अमान अली खाँ यांच्याकडून उचललेले, असे अनेक गुरूंचे धन त्यांच्याकडे होते आणि कोणा एका घराण्याच्या चौकटीत ते बसत नव्हते. घराण्यांच्या वैराचे नाटक अशा गवयाने गाजवावे, याला मोठा अर्थ आहे. नाटक ज्या भिंती पाडू पाहत होते, त्या त्याच्या प्रमुख नटाच्या गळ्यात आधीच पडलेल्या होत्या.

चित्रपटात हा पुरावा देण्याची सोय नाही. गाणे स्टुडिओत आधी ध्वनिमुद्रित होते आणि त्यातला उत्तम भाग निवडून ठेवला जातो. पडद्यावर ते सुरू होते तेव्हा त्याचे काय होणार हे कधीच ठरलेले असते. दरबारही पडद्यातच असतो. तिथे बसलेले लोक आपल्या वतीने माना डोलावतात, वाहवा करतात, आणि काय वाटून घ्यायचे हे आपल्याला त्यांच्याकडून कळते. आपण न्यायाधीशाच्या जागेवरून उठून साक्षीदाराच्या जागी जाऊन बसतो. गाणे कितीही सुंदर असले तरी ही जागा बदलते, आणि नाटकाची सवय असलेल्या रसिकाला सर्वांत आधी हीच बदललेली जागा बोचते.

३. एकाच देहात सौंदर्य आणि क्रौर्य

पण अनिश्चिततेचा हा मुद्दा कोणत्याही संगीत नाटकाच्या चित्रपटाला लागू पडेल. 'कट्यार'ची खास गोष्ट याच्या पुढे आहे.

खाँसाहेब हे पात्र सोपे नाही. तो माणूस अहंकारी आहे, ईर्ष्येने पोखरलेला आहे, आपली विद्या मुठीत घट्ट धरून बसणारा आहे, प्रसंगी कट्यार उपसणारा आहे. आणि तोच माणूस असे गातो की ऐकणाऱ्याचे भान हरपावे. रंगभूमीवर या दोन्ही गोष्टी एकाच देहातून येतात. ज्या डोळ्यांत मघाशी राग पेटलेला पाहिला, तेच डोळे मिटून हा माणूस आता सूर लावतो. ज्या हाताने कट्यार धरली, तोच हात तानेबरोबर फिरतो. गाताना त्याचा श्वास, घाम, मानेच्या शिरा आपल्याला दिसतात. अशा वेळी प्रेक्षकाला या माणसाचा द्वेष करणे जमत नाही. त्याला माफही करवत नाही. सौंदर्य आणि क्रौर्य वेगळे काढून त्यांची वाटणी करता येत नाही, आणि याच कोंडीत नाटकाची खरी ताकद आहे. कला माणसाला चांगले करतेच असे नाही, आणि वाईट माणसाच्या कलेपुढेही आपण विरघळतो, हे अस्वस्थ करणारे सत्य दारव्हेकरांनी प्रवचनाचा एक शब्दही न वापरता नटाच्या देहातूनच दाखवले.

पडद्यावर खाँसाहेब झाले सचिन पिळगावकर आणि त्यांच्यासाठी गायले राहुल देशपांडे. सचिन यांनी ओठांची जुळणी, हातवारे, उर्दूचा लहेजा हे सगळे मन लावून केले आहे. अभिनेता म्हणून त्यांच्या कामाविषयी तक्रार करण्याचा माझा उद्देश नाही. पण काम कितीही प्रामाणिक असले तरी विभागणी झाली ती झालीच. क्रौर्य एकाच्या चेहऱ्यावर राहिले, सौंदर्य दुसऱ्याच्या गळ्यात गेले. आता प्रेक्षकाला वाटणी करता येते, आणि तो ती करतो. गाण्यासाठी तो राहुल देशपांडे यांना दाद देतो, दुष्टपणासाठी खाँसाहेबांचा राग करतो. रंगभूमीवर जी कोंडी सुटत नव्हती, ती इथे सहज सुटते. कोंडी सुटली की पात्र खलनायक होते.

हे मी निव्वळ कल्पनेने म्हणत नाही. या बाबतीत आपल्याला तुलनेची दुर्मीळ संधी मिळाली आहे. २०१० मध्ये हे नाटक नव्याने रंगभूमीवर आले. दिग्दर्शक सुबोध भावे. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे आणि सदाशिवाच्या भूमिकेत अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे. पाच वर्षांनी चित्रपट आला तेव्हा दिग्दर्शक तेच होते, खाँसाहेबांचा आवाज तोच होता, सदाशिवाचाही आवाज तोच. बदलले ते चेहरे. राहुल देशपांडे यांच्या आवाजाला सचिन यांचा चेहरा मिळाला, महेश काळे यांच्या आवाजाला खुद्द सुबोध भावे यांचा. ज्यांनी २०१० चा प्रयोग आणि २०१५ चा चित्रपट दोन्ही पाहिले, त्यांना वसंतरावांच्या आठवणींचा आधार घेण्याची गरजच नव्हती. तोच गळा एकदा आपल्या देहासह आणि एकदा देहाविना त्यांनी ऐकला होता. त्यांची खंत कुठून आली हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगायचे?

४. पारडे कुठे झुकले

इथे एक बारकावा आहे, आणि माझ्या मते या चित्रपटाच्या घडणीतला तो सर्वांत परिणामकारक निर्णय आहे. पंडित भानुशंकरांची भूमिका शंकर महादेवन यांनी केली आणि गायलेही तेच. म्हणजे तीन प्रमुख गवयांपैकी एकट्या पंडितजींचा गळा आणि चेहरा पडद्यावर एक आहे. खाँसाहेबांचा नाही, सदाशिवाचा नाही. शंकर महादेवन यांचा चेहराही निर्मळ, हसरा, गाताना फुलणारा. 'सूर निरागस हो' या गाण्यात ते देवासमोर गातात तेव्हा गाणे आणि माणूस यांच्यात फट दिसत नाही. प्रेक्षकाचा विश्वास आपोआप त्यांच्याकडे जातो.

नाटकात पंडितजींचा वावर थोडा आहे आणि रंगमंच खाँसाहेबांचा आहे. चित्रपटाने पंडितजींना भरपूर जागा दिली, दोन गवयांची आधीची मैत्री उभी केली आणि मग विश्वासघाताची कथा रचली. खाँसाहेबांची पत्नी पंडितजींना शेंदूर खाऊ घालते आणि त्यांचा आवाज जातो. कट्यारीला तर बोलायलाच लावले. रीमा लागू यांच्या आवाजात ती कथा सांगते. हे सगळे चित्रपटाच्या व्याकरणात बसते आणि पडद्यावर प्रभावीही झाले आहे. पण याचा एकत्रित परिणाम काय होतो ते पाहा. ज्याचा गळा आणि चेहरा एक आहे, त्याचा आवाज हिरावला जातो. ज्याचा चेहरा एक आणि गळा दुसऱ्याचा आहे, त्याच्या घरातून तो हिरावला जातो. प्रेक्षकाच्या मनातला निवाडा कथेआधी ध्वनिमुद्रणानेच दिलेला असतो.

मूळ नाटकात घराण्यांचा वाद दोन तुल्यबळ सौंदर्यांमधला होता. पंडितजींचे गाणे श्रेष्ठ की खाँसाहेबांचे, हा प्रश्न तिथे खुला होता, कारण खाँसाहेबांची बाजू त्यांचा गळाच मांडत होता. चित्रपटात हा वाद सज्जन आणि दुर्जन यांच्यातला झाला. एक हिंदू पंडित आणि एक मुसलमान उस्ताद यांच्या कथेत असा बदल होतो, तेव्हा तो नुसत्या रंजकतेचा प्रश्न राहत नाही. चित्रपट करणाऱ्यांचा हेतू तसा होता असे मी म्हणणार नाही. चित्रपटातली कव्वाली आणि शेवट दोन्ही सलोख्याच्या बाजूचे आहेत. पण हेतू आणि परिणाम यांत अंतर पडू शकते, आणि इथे ते पडले. हिंदुस्थानी संगीताचा इतिहास पाहिला तर उस्तादांनी हिंदू शिष्यांना आणि पंडितांनी मुसलमान शिष्यांना हातचे न राखता दिलेले धन जागोजागी आढळते. अभिषेकीबुवा स्वतः जगन्नाथबुवा पुरोहितांबरोबर अझमत हुसेन खाँसाहेबांकडे शिकलेले. त्यांच्या संगीतावर उभ्या असलेल्या नाटकात खाँसाहेबांची बाजू दुबळी होणे ही हानी मला मोठी वाटते.

५. काही आक्षेप

पहिला आक्षेप पार्श्वगायनाचा. भारतीय प्रेक्षक कित्येक दशके उसन्या आवाजावर पात्रे गाताना पाहत आला आहे. त्याला फट दिसतच नाही, मग 'कट्यार'मध्येच ती कशी दिसली? याचे उत्तर कथाविषयात आहे. नायक प्रेमात पडून गातो तेव्हा गाणे त्याच्या भावनेचे असते, आणि भावना चेहऱ्यावर दिसली की भागते. त्याला गाता येते की नाही, हा कथेचा प्रश्नच नसतो. 'कट्यार'मध्ये नेमका तोच प्रश्न आहे. जिथे आवाजाची परीक्षा चालली आहे, तिथे आवाज दुसऱ्याचा असेल तर परीक्षा कोणाची झाली? याला पडताळाही आहे. जानेवारी २०२५ मध्ये सुबोध भावे यांनीच 'संगीत मानापमान' पडद्यावर आणला. त्यावरही मतभेद झाले, पण ते जुनी पदे किती ठेवली, नवी गाणी किती घातली, कथा किती बदलली यांवरून. गळा आणि चेहऱ्याची फट तिथे कोणाला फारशी खुपली नाही, कारण त्या कथेत गाण्याची परीक्षा नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वसंतराव १९८३ साली गेले. आज 'मूळ कट्यार'च्या नावाने गहिवरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्यांना रंगमंचावर पाहिलेले नाही. त्यांनी ऐकल्या त्या ध्वनिमुद्रिका, आकाशवाणीवरची नाट्यपदे, नंतरच्या कॅसेटी. म्हणजे तेही देहाविना आवाजच ऐकत होते. मग चित्रपटालाच दोष का? आक्षेपातली वस्तुस्थिती मी पूर्ण मान्य करतो. रंगभूमीवर चांगले रंगणारे पद ध्वनिमुद्रिकेत काही मिनिटांत आटोपावे लागे. नाट्यसंगीताची काटछाट चित्रपटाच्या कितीतरी आधी तबकडीने केली होती. पण निव्वळ आवाज ऐकणे आणि आवाजाला दुसरा चेहरा चिकटवलेला पाहणे यांत फरक आहे. ध्वनिमुद्रिका ऐकणारा चेहऱ्याची जागा मोकळी ठेवतो आणि त्या जागी गाणाऱ्यालाच पाहतो. त्याच्या मनात खाँसाहेब म्हणजे वसंतरावच राहतात, मग त्याने त्यांना पाहिलेले असो वा नसो. चित्रपट ती मोकळी जागा भरून टाकतो. म्हणूनच नाटक कधीही न पाहिलेल्या श्रोत्यालाही पडद्यावर काहीतरी खटकले, आणि त्याला तसे खटकण्याचा पूर्ण अधिकार होता.

तिसरा आक्षेप परंपरेचा आहे. परंपरा बदलतच असते, 'कट्यार'ही आपल्या काळात नवेच होते. अगदी खरे. १९६४ च्या 'मत्स्यगंधा'पासून अभिषेकींनी नाट्यपदांची संख्या आणि लांबी आवरली, रागांची आणि चालींची निवड बदलली, आणि जुन्या संगीत नाटकांवर वाढलेल्या कानांना ते पचायला वेळ लागला. म्हणूनच 'जुने ते सोने' या भूमिकेवरून चित्रपटाला नावे ठेवणाऱ्यांशी माझे जमत नाही. शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी केली याचा राग धरणे तर मला मुळीच पटत नाही. चित्रपटातली सर्वांत जास्त घराघरांत पोचलेली गाणी नवीच आहेत. महेश काळे यांना ज्या गाण्यासाठी सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ते 'अरुणि किरणी' मूळ नाटकातले नाही, आणि ते उत्तम गाणे आहे. बदल झाला ही माझी तक्रार नाही. कोणता बदल झाला ते ओळखले गेले नाही, ही आहे.

राहिला चौथा मुद्दा, आणि तो आक्षेप म्हणून न घेता मी मनापासून मान्य करतो. ज्या गावांत संगीत नाटकाचा प्रयोग वर्षानुवर्षे लागलेला नाही, तिथे हा चित्रपट पोचला. शाळकरी मुले 'सूर निरागस हो' गाऊ लागली. गाण्याच्या क्लासांत 'सुरत पिया की' शिकायचे म्हणून मुले हट्ट धरू लागली. हे ऋण फार मोठे आहे आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण ऋण मान्य केले म्हणजे परीक्षण थांबवावे असे होत नाही. उलट ज्या कृतीने एवढी माणसे जोडली, तिच्याविषयी जास्त काटेकोर बोलले पाहिजे, कारण पुढच्या कृती तिचाच कित्ता गिरवणार आहेत.

६. सिनेमा हे करू शकतो का

माझ्या युक्तिवादावर एक शेवटची शंका घेता येईल. गळा आणि चेहरा एक असला की सगळे साधते का? नाही. बालगंधर्वांचे उदाहरण समोर आहे. प्रभातने १९३५ साली त्यांना घेऊन 'धर्मात्मा' काढला, संत एकनाथांच्या भूमिकेत. गळा त्यांचाच, चेहरा त्यांचाच. तरी रंगभूमीवर ज्यांनी त्यांच्यावर जीव ओवाळून टाकला, त्या प्रेक्षकांना पडद्यावरचे बालगंधर्व आपले वाटले नाहीत. त्यांना स्त्रीभूमिकेत पाहण्याची सवय हे एक कारण झाले. दुसरे असे की त्यांच्या गाण्याचा फुलोरा प्रेक्षकाच्या उपस्थितीवर अवलंबून होता. पदाच्या एकेका ओळीवर ते श्रोत्यांच्या मनाप्रमाणे रेंगाळत, पुन्हा फिरत, पुन्हा रंग भरत. कॅमेऱ्यासमोर तो श्रोताच नव्हता. बालगंधर्व रंगभूमीकडे परतले. तेव्हा देहाची एकता ही आवश्यक अट आहे, पुरेशी नाही. गाणे कॅमेऱ्यासमोर घडलेही पाहिजे.

ते घडू शकते. २०१२ सालच्या 'ले मिझराब्ल' या चित्रपटात दिग्दर्शक टॉम हूपर यांनी नटांना चित्रीकरणाच्या जागीच गायला लावले. कानात पियानोची साथ, गायनाची गती नटाच्या हातात, वाद्यवृंद नंतर भरलेला. त्यातले काही आवाज कच्चे आहेत आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली. पण ॲन हॅथवेचे प्रमुख गाणे एका सलग दृश्यात येते, आणि ते पाहताना आपण आधी ठरलेल्या गोष्टीचे साक्षीदार आहोत असे वाटत नाही. तिचा आवाज फुटतो तेव्हा तो आपल्यासमोर फुटतो. जिथे सगळे नट सराईत गायक नव्हते तिथे हे जमले. महाराष्ट्र आणि गोव्यात तर गाऊ शकणारे नट आणि अभिनय करू शकणारे गवई आजही आहेत. गोव्यातल्या देवळांच्या जत्रांमधून संगीत नाटकांची परंपरा टिकून राहिली आहे. आपल्याकडे माणसांची उणीव नाही. आपण आधी प्रसिद्ध चेहरा निवडतो आणि मग त्याला आवाज शोधतो, हा निवडीचा क्रम चुकीचा आहे.

व्यवसायाचे गणित मला कळते. प्रसिद्ध चेहऱ्याशिवाय पैसे उभे राहत नाहीत, असे निर्माते सांगतील. पण 'कट्यार'पुरते बोलायचे तर चित्रपट चालला तो गाण्यांवर. शंकर महादेवन यांची ती अभिनेता म्हणून पहिलीच मोठी भूमिका होती, आणि प्रेक्षकांनी त्यांना हातोहात स्वीकारले. गवयाला अभिनय जमेल का, ही भीती त्याच चित्रपटाने खोटी पाडली. मग हाच निर्णय खाँसाहेबांच्या बाबतीत का घेतला गेला नाही? रंगभूमीवर खाँसाहेब गाऊन आणि करून दाखवणारा माणूस त्याच चित्रपटासाठी स्टुडिओत गात होता.

७. आमचे मागणे

म्हणून चाहत्यांना माझे सांगणे आहे : माध्यमे वेगळी आहेत असे कोणी म्हणाले की गप्प बसू नका. तुलना करा, पण नेमकी करा. 'जुन्याची सर नाही' एवढे म्हणून थांबू नका. काय गेले आणि का गेले ते सांगा. आणि चित्रपटाने जे दिले, त्याची दादही तितकीच मोकळेपणाने द्या. अशी दुहेरी भावना बाळगणारा प्रेक्षक दोन्ही माध्यमांना हवा आहे.

निर्मात्या-दिग्दर्शकांकडे मागणे दोनच आहेत. ज्या कथेत गाणे हाच विषय आहे, तिथे गाणाऱ्यालाच भूमिका द्या. आणि त्याची निदान दोन-तीन पदे चित्रीकरणाच्या जागीच, सलग, न तोडता टिपा. तान एखाद्या ठिकाणी कच्ची राहिली तर राहू द्या. गाणाऱ्यालाच भूमिका देणे तर अशक्य नाहीच. २०२२ मध्ये निपुण धर्माधिकारी यांचा 'मी वसंतराव' आला. त्यात वसंतरावांची भूमिका राहुल देशपांडे यांनी केली, गाणीही स्वतःच गायली, आणि त्या गायनाला सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.